तीन विती समुद्र

नौदलात अधिकारी होऊन सतरा वर्षं झाली, तरी आमच्या कारंज्यात मी ‘मिलिटरीवाला’च. बंदूक कुठंय, सीमेवर थंडी किती असते, हे प्रश्न दर सुट्टीत ठरलेले. जहाजाची इंजिनं सांभाळतो म्हटलं की ढाब्यावरची मंडळी सरळ आपल्या ट्रकचा आवाज ऐकवायला घेऊन जायची. पण त्यांचं सोडा. मला खरा वैताग यायचा तो आईचा.

आमच्यात वर्षातून एकदा घरच्यांना जहाजावर घेतात आणि दिवसभर समुद्रात फिरवून आणतात. बाकीच्यांच्या आया उलट्या करत का होईना, यायच्या. माझी आई दरवर्षी संत्र्याच्या बगीच्यात अडकलेली. वडील गेल्यापासून बगीचा तीच पाहते, कबूल. पण निमित्तं तरी किती! “मृग बहार तोडाले आला.” “व्यापारी येऊन राह्यला.” एकदा तिकीटच काढून पाठवलं, तर झाडांवर कोळशी रोग आला!

शेवटी मी फोनवर ओरडलोच. “आई, औंदा आली नाईस त मी कुठी राह्यतो, काय करतो, तुले कधीच नाई दिसनार. पुढच्या वर्षीपासून मले जहाज नाई, ऑफिसातली खुर्ची हाय.”

तेव्हा कुठं ती म्हणाली, “येते.”

विशाखापट्टणमला ती संत्र्यांची पिशवी घेऊन उतरली. जहाजानं धक्का सोडला, तसा मी म्हणालो, “चल, वर चल.”

“आंधी तू झोपतं कुठी ते दाखव.”

दाखवलं. भिंतीला ठोकलेली अरुंद फळी, तिच्यावर गादी. आईनं अंगठा आणि करंगळी ताणून तिची रुंदी मोजली. घरी कापड असो की कलम, ती असंच मोजते. मग तिथंच बसली ती बसलीच. वर हेलिकॉप्टर येऊन गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तीनदा बोलवायला खाली उतरलो.

“अवं, समुद्र त पाह्य!”

“समुद्राले काय पाहू? जहाज डोलते ना? मंग यावरून पडला नाईस काऊन?”

“पडलो ना. दोनदा.”

“फोनवर त नाई सांगितलं कधी.”

जहाज धक्क्याला परत लागलं तरी ती खालीच होती. इतक्या वर्षांची माझी हौस, आणि हिनं समुद्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही! परतीच्या गाडीत मी तिच्याशी धड बोललोसुद्धा नाही.

कारंज्याला उतरलो, तर शेजारीण स्टँडवरच भेटली. “काकू, केवढा हाय वो समुद्र?”

मी मान फिरवली. आईनं पिशवी खाली ठेवली, हवेत हात ताणून तीनदा मोजलं.

“तीन विती,” ती म्हणाली. “अन् माह्या पोरानं तेवढ्यावर सतरा वर्षं काढली.”