लाल बटण दाबलं की सासूबाई

मोबाइल बनवणाऱ्या त्या कंपनीचं एक चकचकीत पुस्तक आहे. गुळगुळीत कागद, पानापानावर हसरे चेहरे. अठ्ठावन्न देश, एकतीस कारखाने, एक लाख चार हजार कर्मचारी, असं पहिल्याच पानावर ठळक छापलंय. त्या एक लाख चार हजारांत हॅलोताई नाही. का, तर ती कंत्राटी! अकरा वर्षं त्याच कारखान्यात, त्याच टेबलाशी, त्याच स्टुलावर बसते, पण मोजताना धरायची नाही. बाई काय हवेत तरंगत काम करते?

काम तिचं मोठं गमतीचं. तयार फोन डब्यात जाण्याआधी शेवटचा तिच्या हातात येतो. ती तो तोंडाशी धरते आणि म्हणते, "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" टेबलावरच्या दुसऱ्या फोनमधून तिचाच आवाज स्वच्छ आला, की फोन पास. असं दिवसाला चारशे वेळा. त्यामुळे गेटवरचा रखवालदारसुद्धा तिला हॅलोताईच म्हणतो. घरी वायरमन नवरा आणि सासूबाई. "नुसतं हॅलो हॅलो करायला काय अक्कल लागते?" हे सासूबाईंचं मत, आणि ते त्या आल्यागेल्याला न विचारता ऐकवत.

यंदा मात्र हॅलोताईचा जीव टांगणीला लागला होता. महिनाअखेरीला नऊ कंत्राटी कामगारांना कायम करणार होते आणि यादीत नववं नाव तिचं होतं. "तेवढ्यात काही घोळ घालू नका म्हणजे झालं," सुपरवायझरनं बजावलं. असं बजावलं की घोळ होतोच, हे त्या बाबाला कोण सांगणार?

त्याच सुमारास कंपनीला समाजाची आठवण झाली. एकट्या राहणाऱ्या तीनशे म्हाताऱ्या माणसांना खास फोन फुकट द्यायचं ठरलं. मोठे आकडे, मोठा आवाज, पाठीवर एक ते तीनशेपैकी क्रमांक आणि एक लाल बटण. अडचण आली, बटण दाबा, थेट कंपनीच्या मदत केंद्रात फोन. तिथे सहा माणसं नेमली, सहा फिरत्या खुर्च्या आणल्या. चकचकीत पुस्तकात 'सामाजिक जबाबदारी' नावाची चार पानं वाढवायची ठरली.

फोन रवाना व्हायच्या दिवशी हॅलोताईच्या टेबलावरचा चाचणीचा फोन नेमका बंद पडला. बाहेर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. फोनच्या त्या कारखान्यात स्वतःचा फोन आत न्यायला बंदी, तो गेटवरच्या कपाटात ठेवायचा. पण अडला हो सुपरवायझर, खास सही करून त्यानं हॅलोताईचाच फोन आत मागवला. तिनं तीनशे फोनांच्या लाल बटणावर तात्पुरता आपला नंबर भरला आणि एकेक करून सगळे तपासले. एकूण एक खणखणीत. आता आपला नंबर काढून मदत केंद्राचा भरायचा, तारेनं सगळ्या फोनांत एकदम जातो, पाच मिनिटांचं काम.

तेवढ्यात प्रसिद्धी विभागाची बाई फोटोवाल्याला घेऊन टपकली. "ताई, फोन हातात धरा! हसा की जरा, पुस्तकात यायचाय फोटो!" अकरा वर्षांत त्या टेबलाशी येऊन तिला कुणी हसा म्हणालं नव्हतं. हॅलोताई अशी हसली, अशी हसली, की नंबरबिंबर पार डोक्यातून गेलं. फोटो छान आला. ट्रकही गेला.

चार दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी ती केस धुऊन बसली होती आणि फोन वाजला.

"हॅलो, ऐकू येतंय का?" पलीकडून एक थरथरता आवाज म्हणाला. "मी एक्केचाळीस नंबरचा फोनवाला. निवृत्त मास्तर. काही झालेलं नाहीये हो, बटण चालतं का ते बघितलं."

दुसरा फोन. तिसरा. "मी एकशे बारा." "मी नव्वद. आज वार कुठला?" जेवायच्या वेळेपर्यंत साठ झाले. हॅलोताईनं डोक्याला हात लावला. "मेले!" ती ओरडली आणि पुढच्या क्षणी तिला हसूच फुटलं, कारण अकरा वर्षं हॅलो हॅलो करून एकानंही उत्तर दिलं नव्हतं आणि आता सगळे एकदम बोलत होते. हसता हसता रडूही आलं. सांगावं तर कायम व्हायचं स्वप्न गेलं. न सांगावं तर उद्या कामावर फोन कपाटात, मग ह्यांना उत्तर कोण देणार?

"ठेव तो इथे," सासूबाई म्हणाल्या. "बघते मी एकेकाला."

आणि बघितलं हो! खिडकीशी खुर्ची, नाकावर चष्मा, मांडीवर वही. भिंतीवर रुग्णवाहिकेचा नंबर खडूनं एवढा मोठा लिहिला. दोन दिवसांत सासूबाईंना तीनशेच्या तीनशे जणांची दुखणी पाठ. "गोळी घेतलीत? नाही? मग फोन कसला करता! आधी घ्या जा, मी धरून आहे." कुणाचा टीव्ही लागेना, त्याला प्लग लावायला सांगितला. दोन आज्या एकमेकींवर रुसल्या होत्या, दोघींची समजूत घातली आणि दोघींनाही झापलं. मास्तर रोज बरोबर दहाला फोन करून आपण जिवंत असल्याचं कळवत. पाच मिनिटं उशीर झाला की सासूबाईंचा पारा चढे. संध्याकाळी हॅलोताई घरी आली की दोघी त्या वहीवरून हसून हसून लोळायच्या, आणि भात करपायचा. नवरा बिचारा करपलेलं खाऊन गप्प.

असा महिना सरत आला आणि एका दुपारी दोनशे सात नंबरच्या आजी न्हाणीघरात पडल्या. सासूबाईंनी एका हातानं रुग्णवाहिका बोलावली, दुसऱ्या हातानं लेकाला पिटाळलं. त्यानं पेचकसानं न्हाणीघराच्या दाराच्या बिजागऱ्याच उतरवल्या. आजींच्या मनगटाला प्लास्टर बसलं, बाकी सुखरूप. संध्याकाळी हे ऐकलं आणि हॅलोताईचं हसू तोंडातच वाळलं.

"आई, तुम्ही झोपला असता तर? तुम्हाला ताप भरला असता तर?"

"मी कशाला झोपते?" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज जरा खाली आला होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मोठ्या हॉलमध्ये त्या चार पानं वाढवलेल्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. सकाळीच हॅलोताईनं सुपरवायझरला सगळं सांगून टाकलं. तो मटकन खाली बसला. "सही माझी आहे हो त्यावर! आज गप्प बसा. उद्या यादी लागेल, मग हळूच नंबर बदलू."

"आणि आजच कुणी पडलं तर?" ती म्हणाली. "मी साहेबांना सांगणार. यादीतून गेले तर गेले."

हॉल गच्च भरला होता. पुढे तीनशे म्हातारी मंडळी, प्रत्येकाच्या गळ्यात दोरीनं लटकवलेला फोन. कंपनीचे प्रमुख, मोठे साहेब, माइकपुढे उभे राहिले. "सांगायला अभिमान वाटतो," ते म्हणाले, "महिनाभरात आमच्या मदत केंद्रात आलेले फोन, शून्य! म्हणजे आमच्या ज्येष्ठांना कसलीच अडचण नाही!"

टाळ्या काही पडल्या नाहीत. म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. "शून्य कसे?" मास्तर उठून म्हणाले. "मी रोज करतो. गणित तपासा."

हॅलोताई घाईघाईनं मंचाच्या पायऱ्या चढत होती. पण साहेब उत्साही गडी, त्यांनी मास्तरांचा फोन मागून घेतला, माइकला लावला आणि सगळ्या कॅमेऱ्यांसमोर लाल बटण दाबलं.

"काय हो एक्केचाळीस!" अख्ख्या हॉलभर सासूबाईंचा आवाज घुमला. "साडेअकरा वाजले! मी इथे जीव मुठीत धरून बसलेय, आणि तुम्ही कुठे उंडारताय?"

हॉलमध्ये हशा उसळला. साहेब गोंधळले. "हे... मदत केंद्र ना?"

"हे घर आहे. तुम्ही कोण? मास्तरांचा फोन ढापलात की काय?"

"मी कंपनीचा प्रमुख बोलतोय."

"साहेब," हॅलोताई त्यांच्याजवळ पोचली होती. "त्या माझ्या सासूबाई. नंबर माझा आहे. काढायला मी विसरले आणि भीतीनं बोलले नाही. चूक माझी. पण आजच्या आज बदला तो, काल एक आजी पडल्या." सुपरवायझर छताकडे बघत होता.

पण फोनला काय त्याचं! सासूबाईंना तिकडे सुनेचा आवाज काही नीट ऐकू गेला नसावा. "प्रमुख का? बरे सापडलात," त्या सुरू झाल्या. "ऐका. माझ्या सुनेनं घोळ घातला, कबूल. पण तिनं तपासलेल्या तीनशे फोनांतला एक तरी बंद पडला का? विचारा! अकरा वर्षं गरम पाण्याच्या गुळण्या करून कामावर येते, पण एक खाडा नाही. अशी माणसं कंत्राटावर ठेवता आणि पुस्तकं छापता? कायम करा तिला."

"करा!" मास्तर ओरडले. मग तीनशे म्हाताऱ्यांनी असा काही गलका केला, की कॅमेरेवाले त्यांच्याकडे वळले.

साहेबांनी कॅमेऱ्यांकडे पाहिलं, म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि त्यांनाही हसू आवरेना. "करतो," ते म्हणाले. "शब्द दिला. नंबरही आज बदलतो."

"बदला. आणि तुमचा तो टीव्ही बारीक करा, केवढा गलका! पण आधी ती सहा माणसं आठवडाभर माझ्याकडे पाठवा. शिकवावं लागेल." सासूबाईंनी जरा दम घेतला, आणि मग एकदम हळू, कानात सांगितल्यासारखं बोलल्या. पण त्या हॉलमध्ये हळू काय ऐकू जातं? शेवटच्या रांगेतही लख्ख ऐकू आलं. "आणि साहेब, एक करा. मी हे बोलले ते तिला कळू देऊ नका. पोर सोन्यासारखी आहे हो माझी, पण मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. डोक्यावर चढून बसेल. सांगणार नाही ना?"

"नाही सांगणार," साहेब म्हणाले. त्यांच्या शेजारी हॅलोताई दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून उभी होती, हुंदका माइकमध्ये जाऊ नये म्हणून.