चांदणीला हात लावू नका

कुरवंड्याच्या रस्त्यावरच्या एका भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यात गेल्या डिसेंबरात पाच दिवस देव जागृत होता. तो एका लोखंडी चांदणीत राहत होता. सहा फुटी चांदणी, तिच्या कडांवरून फिरवलेली दिव्यांची माळ, आणि खाली गवताचा छोटा गोठा. गोठ्यात मेरी, जोसेफ, दोन मेंढ्या आणि बाळ येशू. नाताळपासून थर्टी फर्स्टपर्यंत मुंबईचे पाहुणे येतात, म्हणून मॅनेजर पप्पूने हा देखावा व्हरांड्यात मांडला होता. झाडलोटीला येणाऱ्या भागुबाईने पहिल्या संध्याकाळीच चपला काढल्या, गोठ्यापुढे हात जोडले आणि पाया पडायचं म्हणून चांदणीच्या लोखंडी पायाला हात लावला. बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीला आणलं. तिलाही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी सातजणी होत्या.

सारिकाला ही हकीकत कळली चोवीस तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास.

सारिका वायरमन आहे. औंढ्याच्या बौद्ध वस्तीत वाढलेली, छत्तीस वर्षांची. आयटीआयच्या वर्गात बावीस मुलगे आणि ती. पहिल्या दिवशी निदेशकांनी तिला सांगितलं होतं, शिवणाचा वर्ग पलीकडच्या इमारतीत आहे. ती जागची हलली नाही. नंतर सहा वर्षं तळेगावच्या एका कारखान्यात कंत्राटावर मेंटेनन्सला होती. मग लायसन काढलं, स्कूटर घेतली आणि लोणावळा ते कुरवंडे बंगल्यांची कामं धरली. काम चोख आणि डोकं गरम, अशी तिची ख्याती आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

डिसेंबर आला की तिचं डोकं जास्तच गरम होतं. दिवाळीत घरात लावलेली माळ लोक नाताळला बाहेर लावतात. ती खिळ्यांनी ठोकतात, बारीक तारेने आवळतात, जोड ओल्या गवतात टाकतात. पिन नसेल तर वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्या खुपसतात. अशी काडी दिसली की सारिका ती उपटून मालकाच्या हातात देते आणि विचारते, “ही कुठल्या कंपनीची पिन?”

पण तिचा खरा राग एका शब्दावर आहे. डायरेक्ट. करंट वायर सोडून माणसाच्या अंगातून जमिनीकडे निघाला, तर पापणी लवायच्या आत वीज तोडणारी एक छोटी पेटी बोर्डात असते. तिला सगळे ईएलसीबी म्हणतात. लोणावळ्यात ही पेटी सुखाने नांदत नाही. पावसाचे चार महिने भिंती ओल धरतात, कुठेतरी गळती होते, पेटी पडते, वीज जाते, पाहुणे ओरडतात. मग कोणीतरी पेटी बाजूला टाकून वायरी सरळ जोडतो. त्याला म्हणायचं डायरेक्ट केलं. पावसाळ्यात केलेलं डायरेक्ट पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसंच राहतं. नळाला हात लावून मुंग्या आल्या तर माणसं ‘वल हाय’ म्हणतात आणि भांडी घासत राहतात.

सारिकाने स्वतः एकदा डायरेक्ट केलं होतं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, स्वतःचं काम नवीन होतं आणि हॉटेलमालक डोक्यावर उभा होता. आठवड्याने तिथल्या प्रदीप नावाच्या कामगाराचा हात फ्रीजला चिकटला. तो वाचला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. तो लोहगडवाडीत एका टपरीवर भजी तळतो, डाव्या हाताने. सारिका ही गोष्ट लपवत नाही आणि स्वतःला माफही करत नाही.

तर चोवीस तारखेला ती कुरवंड्यात एका घरी पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसली होती. भागुबाई हौसेने नवं लुगडं नेसून आली.

“सारे, आवर की बिगी बिगी. पाच वाजता दर्शनाला चल.”

“कसलं दर्शन, मावशी?”

“बंगल्यातल्या देवाचं. गोठ्यात जन्मलाय बग त्यो, आपल्यातलाच. हात लावला की पार हितवर झिणझिण्या येत्यात. माजा खांदा दुखायचा ऱ्हायला.”

सारिकाने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “झिणझिण्या दिवे लागल्यावर येतात, की दिवे बंद असतानाही?”

“आता दिवे लागल्याबिगर देव कसा यील?”

“मावशी, तो करंट आहे. हात लावायचा नाही.”

“तुमच्यात देव मानत न्हाईत, ठावं हाय मला,” भागुबाई म्हणाली. “आमाला नगं शिकवू. आज तर लय मजा हाय. पप्पू चांदणी हिरवळीवर न्हेनार, मशिनीनं बर्फ पाडनार. पोरंबी येत्यात आमची.”

बर्फ म्हणजे साबणाच्या पाण्याचा फेस. यंत्र तो हवेत उडवतं आणि पाहुणे त्यात फोटो काढतात. कोरड्या फरशीवर झिणझिण्यांवर भागत होतं. साबणाच्या पाण्याने भिजलेल्या हिरवळीवर अनवाणी उभं राहून त्याच लोखंडाला हात लावणाऱ्या बाईचं काय होईल, हे सांगायला सारिकाला पुस्तक लागत नव्हतं. तिने स्टार्टर उघडाच टाकला आणि स्कूटरला किक मारली.

बंगल्यावर दोन गडी गोठ्यासकट चांदणी उचलून हिरवळीवर आणत होते. पप्पू मागे मागे सूचना देत होता. तिशीचा, डोक्यावर गॉगल, पायात पांढरे बूट.

“या या, वायरमन मॅडम! बोलावलं नव्हतं, पण या.”

सारिका सरळ चांदणीकडे गेली. चांदणी उभी झाल्यावर तिने गड्यांना दूर केलं, बटण दाबायला लावलं आणि टेस्टर लोखंडाला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. मग ती आतल्या बोर्डापाशी गेली. पेटी होती, पण वायरी तिला वळसा घालून गेल्या होत्या. ती बाहेर आली.

“डायरेक्ट कोणी केलं?”

“मीच. जुलैमध्ये. जेवताना तीनदा पडली, गेस्टनी रिव्ह्यूत वाट लावली.”

“माळ कुठली?”

“गणपतीतली. चांगली आहे की. फेकून द्यायची का?”

“बायकांना झिणझिण्या येतात, माहीत होतं तुला?”

पप्पू हसला. “ताई, थोडासाच येतो. खूश होतात बिचाऱ्या. मी रील टाकली, ‘लोणावळ्यातला चमत्कार’. अकरा हजार लाइक. लोक फोन करून विचारतायत, चमत्कारवाला बंगला हाच का म्हणून.”

“बूट काढ.”

“काय?”

“बूट काढ, मोजे काढ. गवत ओलं आहे, त्यावर उभा राहा आणि चांदणीला हात लाव.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“थोडासाच येतो म्हणालास ना?”

गडी थांबून बघायला लागले. पप्पूने एक पाऊल मागे घेतलं. “मी कशाला लावू?”

“मग भागुबाईने कशाला लावायचा? तिचा हात जुना झालाय म्हणून चालतो?”

“ती तिच्या मनाने लावते. मी सांगायला गेलो होतो का?”

“तू फोन काढायला गेला होतास.”

मेन स्विच सारिकाने बाहेर येतानाच पाडला होता. भर उन्हात दिवे लागलेत की नाहीत ते कळत नव्हतं, त्यामुळे पप्पूला हे माहीत नव्हतं. आता तिने आत जाऊन स्विचला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. काम चालू असताना मेनला आपलं कुलूप लावायचं, ही सवय कारखान्यातली.

“पाहुणे चारला येतायत,” पप्पू म्हणाला. “उशीर झाला तर पुन्हा या गेटात पाऊल टाकायचं नाही.”

“नाही टाकणार. आधी बाजारात जा आणि बाहेर लावायची माळ घेऊन ये. खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. वाचून आण.”

तो गेला, कारण कुलूप तिचं होतं.

तिने पेटी पुन्हा जोडली. कुलूप काढून वीज सोडताच पेटी पडली. पुन्हा कुलूप लावून जुनी माळ सोडवून पाहिली, तर बांधायची लोखंडी तार तीन ठिकाणी माळेच्या वायरीत रुतली होती. नवी माळ तिने प्लास्टिकच्या पट्ट्यांनी सैल बांधली. जोड पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून जमिनीपासून वर टांगला. सॉकेटकडे जाणारी वायर आधी खाली झुकवून मग वर नेली, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत सॉकेटपर्यंत न जाता मध्येच गळून पडतं. चांदणीच्या पायाला हिरवी अर्थिंगची वायर कसली. अर्थिंगचा खड्डा डिसेंबरात कोरडा ठणठणीत होता; कोरड्या मातीत करंट जिरत नाही, म्हणून त्यात चार बादल्या पाणी ओतलं. शेवटी कुलूप काढून वीज सोडली आणि पेटीवरचं टेस्टचं बटण दाबलं. खट्कन वीज गेली. तेव्हा कुठे तिने कुलूप पिशवीत टाकलं.

पाच वाजता नऊ बायका आणि पोरं आली. भागुबाईने चपला काढल्या, फेसात पाय रोवले आणि चांदणीला हात लावला. मग दुसरा हात लावला. मग दोन्ही हातांनी लोखंड घट्ट धरलं.

“सारे, काय केलंस?”

“नीट केलं.”

“घालवलास त्याला.” भागुबाईचा आवाज चढला. “तुला काय करायचं व्हतं आमच्या देवाचं? तुला कुनी बोलावलं व्हतं?”

बाकीच्या बायकांनीही हात लावून पाहिला. एकीने सारिकाकडे बघून तोंड वाकडं केलं. पोरं फेसात लोळत होती. भागुबाईने चपला हातात घेतल्या आणि तशीच निघाली. स्टार्टर पुरा करायला सारिका परत गेली तेव्हा त्या घरानेही तिला चहा विचारला नाही.

एकोणतीस तारखेला दुपारी सारिका कुरवंड्याच्या चौकात स्कूटरमध्ये हवा भरत होती. पाच दिवस तोंड फिरवणारी भागुबाई स्वतःहून हसत आली.

“गेला न्हवता त्यो, सारे. रुसला व्हता. कालच्यान परत झिणझिण्या येत्यात.”

सारिकाने हवेची नळी जागच्या जागी सोडून दिली.

बंगल्यावर फेसाचं यंत्र चालू होतं. पाच-सहा पाहुणे हिरवळीवर होते, त्यातली एक मुलगी अनवाणी. चांदणीवर जुनी माळ होती, तीच, तारेने आवळलेली. हिरवी वायर नव्हती. पप्पूने पाहुण्यांना चमत्कार दाखवायचं कबूल केलं होतं आणि चमत्कारासाठी जे जे काढावं लागतं ते सगळं काढलं होतं. पेटी पुन्हा डायरेक्ट होती.

सारिकाने मेन पाडला आणि कुलूप लावलं. दिवे गेले, यंत्र थांबलं. ती पकड घेऊन चांदणीपाशी आली. या वेळी तिने दुरुस्त काही केलं नाही. माळ ओरबाडून काढली आणि तिचे हातहातभर तुकडे केले. कोणाला जोडावेसे वाटू नयेत इतके. एका पाहुण्याने विचारलं, हे काय चाललंय. तिने त्याला टेस्टर दाखवला आणि काय चाललं होतं ते चार वाक्यांत सांगितलं. त्याने आधी त्या मुलीला उचलून व्हरांड्यात ठेवलं. मग तो पप्पूकडे वळला.

पप्पू मात्र सारिकावर ओरडत होता. “दुसऱ्याच्या प्रॉपर्टीत घुसून तोडफोड! पोलीस बोलावतो मी!”

“बोलव. मी इथेच बसते. कुलपाची किल्ली त्यांच्याच हातात देईन.”

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. मागून चालत आलेली भागुबाई गेटात उभी होती. तिने तुकडे पाहिले, पाहुण्यांची आरडाओरड ऐकली, पप्पूला हिंदीत शिव्या बसताना पाहिल्या. तो पाहुणा पप्पूला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, मेरी बेटी मर जाती तो?

भागुबाई आत आली. चांदणीच्या लोखंडाला पदरही लागू न देता गोठ्याकडे गेली, गवतातलं बाळ उचललं, पदराने त्याच्यावरचा फेस पुसला. पायरीपाशी आल्यावर ती थांबली.

“ह्यातबी हाय का करंट?”

“नाही. मातीचं आहे ते.”

भागुबाईने बाळ ओच्यात बांधलं. “मंग ह्याला मी घरी न्हेते. हितं नगं ऱ्हायला त्यानं,” ती म्हणाली आणि गेटाबाहेर पडताना पप्पूकडे बघून थुंकली.

सारिका पोलिसांची वाट बघत बसून राहिली.