थकला म्हणा

गुडीहत्नूरच्या बाजारात माझं वांग्याचं दुकान लागते, त्याच्या मागंच बैलं विकतात. तिथं एक म्हातारा पाहिला होता, नाव काही विचारलं नाही. बैल त्यानं असा धुऊन आणला होता, जसा पोळ्याचाच दिवस. उभ्या उभ्या त्याच्या मानेवरचा जुवाचा घट्टा अंगठ्यानं चोळत होता.

व्यापारी हिंदीत म्हणाला, "चाचा, ये तो कंडम है."

म्हातारा तडकला. "कंडम मोटार होते शेट, भंगारात जाते ते. बैल थकते. थकला म्हणा!"

मी म्हटलं, "भाऊ, थकला तर घरी बसवा ना त्याले. इकून काऊन राह्यले?"

"पोरानं ट्रॅक्टर घेतला माय. म्हणते, बिनकामाच्या तोंडाले चारा कुठून आणू?" माझ्याकडं पाहिलंच नाही त्यानं. थकलेला बैल घेऊन टेम्पो कुठं जाते, हे बाजारात सगळ्यांले माहीत असते.

सौदा झाला. आमच्याकडं बैल देतात, दावं देत नाहीत. त्यानं दावं सोडून घेतलं, व्यापाऱ्यानं आपली दोरी बांधली. पण बैल काही टेम्पोत चढेना. ओढलं, शेपूट पिरगाळलं, काठ्या मारल्या, जागचा हलेना. त्या काठ्या म्हाताऱ्याला पाहवेनात. पुढं झाला, पाठीवर हात ठेवला आणि वावरात म्हणत असेल तसंच हळू म्हणाला, "चाल राजा."

जन्मभर त्या आवाजावर चाललेला बैल, मुकाट्यानं चढला.