माहिती देणाऱ्याचे नाव

दर शनिवारी दुपारी तीन वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठ-दहा माणसं आपापले पूर्वज शोधायला जमत. त्यांना शिकवणाऱ्या बाईंना सगळे दाखलाताई म्हणत. ताईंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांत डोकं घातलं. जिवंत माणसांपेक्षा मेलेली बरी, उलट उत्तरं देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. चौदा वर्षं त्या हा वर्ग विनामूल्य घेत होत्या आणि चुकणाऱ्याचे कानही विनामूल्य उपटत होत्या.

त्यांचे नियम दोनच.

"एक. नोंद हातात आली की आधी शेवटचा रकाना वाचा, माहिती देणाऱ्याचं नाव. मेलेला माणूस स्वतःचं वय सांगायला येत नाही. जावई येतो. आणि जावयाला काय डोंबल माहीत असतं?

"दोन. जन्माची नोंद सापडली म्हणून उड्या मारू नका. त्याच नावाची मृत्यूची नोंद पुढच्या पाच वर्षांत आहे का, ते बघा. नाहीतर भलत्याच माणसाला आजोबा म्हणत बसाल."

स्वच्छ, निर्दोष नोंद कशी असते ते दाखवायला त्या स्वतःच्या जन्मनोंदीची प्रत सगळ्यांना वाटत. अक्षर सुरेख, एकही रकाना कोरा नाही, खाली वडिलांची सही. विद्यार्थी माना डोलवत आणि प्रत पिशवीत टाकत.

या खेपेच्या वर्गात एक टेलरमास्तर होते. घेतलेलं माप पुन्हा एकदा घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. एका शनिवारी ते वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळले.

"ताई, रागावणार नसाल तर सांगतो."

"रागावण्याचं माझं मी बघते. बोला."

"तुम्ही वारलात."

"कधी?"

"अकरा महिन्यांच्या असताना. तापानं."

ताईंनी चष्मा पुसला. "पान क्रमांक लिहून आणलात का?"

"दोनशे बारा."

"घर क्रमांक?"

"तोच. वडिलांचं नाव तेच. माहिती देणारेही तेच, सहीसकट."

ताईंनी कागद वाचला. मग शेवटचा रकाना वाचला. मग तो आधी वाचायचा होता हे आठवून पुन्हा पहिल्यापासून वाचला. लोकांना नियम सांगताना चौदा वर्षं तोंड दुखलं, पण स्वतःच्या नोंदीपुढची पाच वर्षं त्यांनी एकदाही चाळली नव्हती. कशाला चाळायची? आपण जिवंत आहोत, हा पुरावा त्यांना पुरेसा वाटला होता.

"मास्तर, काम चोख आहे," त्या म्हणाल्या आणि खुर्च्या न आवरताच घरी गेल्या. हे पहिल्यांदाच घडलं.

वडील जाऊन तीस वर्षं झाली होती. काका, आत्या, शेजारी, कोणी उरलं नव्हतं. माहिती देणारं माणूस आता जगात एकच होतं. ते ब्याण्णव वर्षांचं होतं आणि खिडकीशी बसून मटार सोलत होतं.

"आई, मी कधी मेले होते का गं?"

आईनं हातातली शेंग पुरी सोलली.

"तू नाही. ती."

"कोण ती?"

"तुझ्या आधीची. दोन वर्षं आधीची."

"मग तिचं नाव मला का?"

"तुझ्या वडिलांच्या आईचं नाव ते. त्यांना घरात हवंच होतं."

"आणि माझी नोंद?"

"हे गेले होते करायला. खिडकीत तोच कारकून बसलेला. तिचा जन्म, तिचं जाणं, सगळं त्यानंच लिहून घेतलं होतं ना. तसेच आले परत. म्हणाले, नाव आहेच वहीत." आईनं टोपली बाजूला सारली. "मी पण नाही म्हटलं, परत जा म्हणून."

ताईंना एकेक गोष्ट आठवत गेली. आईनं त्यांना उभ्या जन्मात नावानं हाक मारली नव्हती. चिमणे, अगं, ए बाई, काहीही, पण नाव नाही. शाळेच्या दाखल्यावरच्या वाढदिवसाला आई गप्प असायची. आणि दरवर्षी नोव्हेंबरात मात्र नवा फ्रॉक यायचा. कशाबद्दल विचारलं तर "थंडी पडली म्हणून." फ्रॉक बिनबाह्यांचा असायचा.

"नोव्हेंबरची किती?"

"नऊ. पहाटे."

"मला नावानं का नाही गं हाक मारलीस कधी?"

"त्या नावानं एकीला हाक मारून झाली होती," आई म्हणाली. "थांबली नाही ती. मटार उचल आता, सांडतील."

पुढचे तीन दिवस ताईंनी आईला काही खोकू दिलं नाही. खिडकी लावली, पायमोजे घातले, रात्री दोनदा उठून श्वास चालू आहे ना ते पाहिलं. चौथ्या दिवशी रिक्षा करून तिला नोंदणी कचेरीत नेलं. इमारत नवी होती. खिडकी मात्र खिडकीच होती, आणि आत कोण बसलंय ते आईनं आधी वाकून पाहिलं.

आत एक तरुण कारकून मुलगी होती. "उशिरा नोंद का? किती उशीर झालाय?"

"सत्तर वर्षं," ताई म्हणाल्या.

मुलीनं मान वर केली, दोघींना पाहिलं आणि खाली घातली. "उशिराचं कारण?"

"धीर होत नव्हता," आई म्हणाली.

"तसं नाही लिहिता येत, आजी. आजारपण, परगावी असणं किंवा इतर."

"मग इतर लिही, बाळा."

"माहिती देणारे कोण?"

"मी. आई."

"मुलीचं नाव?"

आईनं खिडकीची कड धरली आणि नाव सांगितलं.

"जरा मोठ्यानं सांगता?"

आईनं ते मोठ्यानं सांगितलं. मागच्या रांगेतली माणसंही वळून पाहू लागली.

"ओ," ताई म्हणाल्या.

"तुम्ही नका बोलू," मुलगी म्हणाली. "माहिती देणाऱ्यांनीच सांगायचंय."