सागवानाचा चेलो

निशातले मी लहानपनापासून पाह्यते. बल्लारपुरात आमची भिंतीले भिंत. तिचे अब्बा, नूर मोहम्मदभाऊ, दारं-पलंग बनवतात. पोरगी नागपुरात चेलो शिकली. व्हायोलिनचाच मोठा भाऊ समजा, पन बसून, गुडघ्यात धरून वाजवाचा.

शिकवनाऱ्या सरानं उसना देल्लेला चेलो परत मांगला, तवा नूरभाऊ म्हनले, "मी बनवतो." आन् बनवला बी, सात महिने खपून, अस्सल सागवानाचा! चेलोले हलकं लाकूड लागते, हे इथी कोनाले माहीत? आमच्याकडे चांगलं लाकूड म्हनजे सागवान. झालं! आवाज निंघाला घोगरा, दबलेला. नागपूरचे लोक खो-खो हासले. तवापासून पाहुना आला का नूरभाऊ त्या चेलोवर पोतं टाकत. पोरीचं वाजवनं आयकाले कधी गेले नाई. "माहीच चूक झाली, बाई," एवढंच म्हनत.

पन निशात कोनाची आयकते! म्हने, "याच आवाजासाठी नवं लिहून घेईन." आजचे, जित्ते संगीतकार गाठले, त्यायच्याकडून नवं संगीत लिहून घेतलं, पुन्यात, बंगलोरात वाजवून आली. इथी मातर लोकायचा एकच धोशा: लग्नात फिल्मी गानी काऊन नाई वाजवत? मले तर असा राग ये!

यंदा चंद्रपूरच्या जलशाचे गुणवंतराव म्हनले, "नागपूरहून बरा चेलो आना, दोन फिल्मी गानी वाजवा. नाईतर नाव कापतो."

"कापा," निशात म्हने. "वाजवीन तर अब्बाचाच, आन् नवंच."

नाव कापलं नाई, पन ढकललं ऐन जेवनाच्या वक्ताले. मी नूरभाऊले ओढतच नेलं.

निशातनं आधी चेलोची पाठ बोटाच्या पेरानं ठोकली. टक्. टक्. मंग जरा खाली. डेपोत लाकूड घेताना नूरभाऊ असंच ठोकतात, आतून पोकळ तर नाई ना पाहाले. नूरभाऊ ताठ बसले. मंग तिनं गज ओढला, आन् तो घोगरा आवाज असा चढत गेला का माह्या अंगावर काटा आला.

मांगून एक जन हासला, "हा कोनता डब्बा उचलून आनला बे?"

नूरभाऊ उभे झाले. पंधरा वर्षं चूक-चूक म्हननारा मानूस, सगळ्या हॉलले आयकू जाईल असा बोलला, "डब्बा नोहे, चेलो हाये. सागवानाचा. म्या बनवला. आता चूप बस, मले माह्या पोरीचं आयकू दे!"