सात मजले, एक शेगडी

परभणीच्या रेल्वे स्टेशनापासून चालत सात मिनिटांवर ती बिल्डिंग उभी राहायला लागली, तेव्हा मी रोज गंगाखेडची गाडी धरायला जाताना तिच्याकडे मान वर करून बघायची. सात मजले! आमच्या भागात तिसरा मजला चढला तरी लोक म्हणतात, "लय उंच बांधलं हो." त्यात हिची तऱ्हाच वेगळी. मालक एकही फ्लॅट विकणार नव्हता, सगळे किरायानं द्यायचे होते. स्टेशनासमोरच्या चहाच्या टपरीवर लोकांनी त्याला वेड्यात काढलं. मी मात्र पाटी कधी लागते याची वाट बघत होते.

मी गंगाखेडच्या एका शाळेत शिकवते आणि रोज अपडाउन करते. घरात आई आणि मी, दोघीच. स्टेशनाजवळ घर म्हणजे सकाळी अर्धा तास जास्त झोप, असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण दुसरं होतं. तिथं दारात उभं राहून कुणी आडनाव विचारणार नव्हतं. खाली ऑफिसात एक मॅनेजर बसायचे. त्यांना पगाराची स्लिप आणि आधार कार्ड लागायचं, बाकी काही नाही.

आम्ही बौद्ध, मूळचे झरीचे. परभणीत घर बघायला गेलं की आधी चहा यायचा, मग नाव, मग आडनाव, आणि आडनावानंतर, "अरे, ते घर तर कालच गेलं की." एकदा आईनं तिथंच उभं राहून विचारलं होतं, "काल गेलं, तर पाटी आज कशाला लटकायली?" मी तिला हाताला धरून ओढत रस्त्यावर आणलं. मला भांडण नको होतं, घर पाहिजे होतं. म्हणून पुढच्या ठिकाणी मी गावाच्या नावापुढं 'कर' लावून आडनाव सांगितलं आणि घर लगेच मिळालं. त्या घरात आम्ही तीन वर्षं काढली. बुद्धांचा फोटो कपाटात, वंदना दार लावून, आवाज खाली. शेजारणीनं त्या आडनावानं हाक मारली की आई ओ द्यायला हमखास उशीर करायची. मला त्याची लाज वाटायची. अजून वाटते.

नव्या घरात आम्ही शनिवारी आलो, कारण शनिवारी शाळा सकाळची असते. मुहूर्ताशी आमचं काही देणंघेणं नाही. फ्लॅट पहिल्या मजल्यावरचा. गॅस जोडून झाला, आणि आईनं सामानातून सगळ्यात आधी फोटो काढला. हॉलमध्ये, बरोबर दारासमोरच्या भिंतीवर, ती खिळा ठोकायला लागली.

"आई, आतल्या खोलीत लावू," मी म्हणाले. "चार दिवस जाऊ दे. लोकं कसे हायेत बघू."

"लोकांनी बघावं आपण कसे हाओत ते," ती स्टुलावरूनच म्हणाली. "मला आता लपून न्हाई राहायचं. तुला भ्या वाटत असंल तर तू आतल्या खोलीत बस."

 मी उठून दार तेवढं लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, वैशाखातल्या त्या रविवारी, बाकीची बिल्डिंग आली. म्हणजे अक्षरशः सगळी आली. सगळ्यांच्या भिंतींवर दिनदर्शिका एकच, सगळ्यांना सुट्टी रविवारची, त्यामुळे गृहप्रवेशाचा मुहूर्तही सगळ्यांना एकच सापडलेला, नऊ वाजून वीस मिनिटांपर्यंतचा. आठपासूनच खाली टेम्पोंची रांग लागली. कलश, गाद्या, सिलिंडर, तुळशीच्या कुंड्या, दुधाची पातेली, आणि हे सगळं वर न्यायला लिफ्ट एक. मी गॅलरीत उभी राहून बघत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

नऊच्या सुमारास लाईट गेली.

लिफ्ट नशिबानं खालीच उभी होती. आत एक लोखंडी कपाट होतं आणि कपाटाच्या मागं एक गुरुजी होते. आधी कपाट निघेना, त्यामुळे गुरुजीही निघेनात. मॅनेजर ज्याला त्याला सांगत फिरत होते की जनरेटर पुढच्या आठवड्यात बसणार आहे. उन्हात घामाघूम झालेल्या लोकांना पुढच्या आठवड्याचं काय कौतुक! सिलिंडर खांद्यावर घेऊन पाच-सहा मजले चढायचे, तो जोडायचा, दूध तापवायचं आणि उतू घालायचं, हे वीस मिनिटांत होणारं काम नव्हतं.

तेवढ्यात आमच्या दारावर थाप पडली. आईनं दार सताड उघडलं. बाहेर सत्तरीच्या एक आजी होत्या. नऊवारी लुगडं, हातात पदरानं झाकलेलं दुधाचं पातेलं, आणि धाप लागलेली. त्या मानवतकडच्या, कापूस पिकवणाऱ्या घरातल्या. मुलाची बदली परभणीला झालेली, फ्लॅट सहाव्या मजल्यावर, मुलगा आणि सिलिंडर दोन्ही अजून खालीच.

"बाई, गॅस चालू हाय का तुमचा? एक मजला चढले, आता गुडघे म्हणायलेत पुढं जमायचं न्हाई. इथंच दूध उतू घालू द्या."

 दारातून फोटो समोरच दिसत होता. आता ही बाई बघणार, काहीतरी सबब सांगणार आणि आल्या पावली परत जाणार, आणि तेही आईच्या तोंडावर, पहिल्याच सकाळी. मी मनातल्या मनात तिची सबबसुद्धा तयार करून टाकली होती.

आई दारातून बाजूला झाली नाही. तिनं फोटोकडं बोट केलं. "मावशी, आधी बघून घ्या कुणाच्या घरात यायलात ते. मंग पातेलं ठेवा. मागून बोलणं नको."

"बाई, आठ मिंटं राह्यलीत," आजी म्हणाल्या. "बघते मी सावकाश. आधी लायटर कुठंय ते सांगा."

आणि आईच्या काखेखालून वाकून त्या थेट ओट्यापाशी पोचल्यासुद्धा.

माझ्यातल्या मास्तरणीला तेव्हाही राहवलं नाही. मी विचारलं, "पण आजी, दूध तुमच्या घरात उतू जायला पाहिजे ना?"

"आमचं घर कुठलं, लेकरा? किरायाचंच तर हाय. मालक एक, छत एक. सहाव्यावर उतू गेलं काय अन् पहिल्यावर गेलं काय!"

यावर आई हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मागच्या घरात तीन वर्षांत तिला असं हसताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

दूध वर आलं आणि भसकन शेगडीवर सांडलं. आजींनी शेगडीला हात जोडले, मग वळून फोटोला जोडले, आणि दारात जाऊन जिन्यात हाळी दिली, "अगं ए, इथं गॅस चालू हाय! पळा!"

मग काय विचारता. आणखी पाच घरं आमच्या स्वयंपाकघरात शिरली. बर्नर दोनच. आईनं पदर खोचला आणि ताबा घेतला. "पातेलंभर कशाला ठेवता? वाटीभर घ्या, झटक्यात उतू जातंय. ओ दादा, चपला बाहेर!" शाळेत मला तिच्या निम्मीही शिस्त लावता येत नाही. शेवटची वाटी उतू गेली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात नऊ बावीस झाले होते. त्या वाटीची मालकीण रडकुंडीला आली. आई तिला म्हणाली, "आमचं घड्याळ दोन मिंटं पुढं हाय." ते पुढं नाही हे मला माहीत होतं.

सगळे आले असं मात्र नाही. चौथ्या मजल्यावरचं एक जोडपं दारापर्यंत आलं. त्यांनी आत पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, आणि "आम्ही लाईटची वाट बघतो," म्हणून जिना उतरून गेलं. मी पाहिलं, आईनंही पाहिलं. तिनं ओल्या फडक्यानं ओटा पुसला आणि पुढचीला जागा करून दिली.

उरलेल्या दुधाची आईनं दुपारी खीर केली. जिन्यात बसून, स्टीलच्या वाट्यांतून, निम्म्या बिल्डिंगनं ती खाल्ली. आजी आमच्या हॉलमध्ये पाय पसरून बसल्या होत्या. सबुरीनं फोटो बघत त्यांनी विचारलं, "कुठून आणला? चेहरा लय शांत हाय." आईनं नागपूरला जाऊन तो कसा आणला ते सगळं साग्रसंगीत सांगितलं, चांगल्या मोठ्या आवाजात. लाईट आली तरी आजींना वर जायची घाई दिसली नाही.

त्या गेल्यावर मी भांडी घासताना म्हणाले, "आई, फार हुरळून जाऊ नको. अडचण होती म्हणून आले सगळे."

"अडचणीपायीच तूबी आडनाव बदललं व्हतंस," आई म्हणाली. "मी तुला कधी टाकून बोलले का?"

 मी वाटी घासत राहिले.

संध्याकाळी मॅनेजर वहीत नावं लिहून घेत दारोदार फिरत आले. खाली प्रवेशापाशी भाडेकरूंच्या नावांचा बोर्ड लागणार होता, पेंटर उद्या यायचा होता. "मॅडम, तुमचं काय लिहायचं? काही जणांनी नुसतं फ्लॅट नंबर टाका म्हणून सांगितलंय. तसं चालतंय." समोरच्या फ्लॅटचं दार उघडं होतं, जिन्यातून लोकांची ये-जा चालू होती. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नुसता नंबर टाका, एवढंच मी म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते.

मी माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आणि मग आडनाव, आमचं खरं आडनाव, पहिल्या तासाला हजेरी घेते तशा आवाजात.

"परत एकदा सांग त्यांना," आई मागून म्हणाली. "नीट ऐकू गेलं नसंल."

त्यांना ऐकू गेलं होतं. लिहूनही झालं होतं. तरी मी परत सांगितलं.