अंतरपाटावरचं अपडेट

आमच्या दुकानातला कॉम्प्युटर माझ्यापेक्षा वयाने लहान आहे, पण घरात मान त्याला जास्त आहे.

मान किती, तर आयुधपूजेला अप्पा आधी त्याला चंदन-कुंकू लावतात, मग शिवणयंत्रांना, मग कात्र्यांना, आणि शेवटी माझ्या कपाळाला. (तेही बोटाला उरलेलं पुसायला म्हणून!) आणि चंदन लावायचं कुठे? तर बरोबर स्क्रीनच्या मधोमध. "तें त्याचें कपाळ नव्हे काय?" असं अप्पांचं म्हणणं. ते कुणी पुसायचं नाही. वर्षभर आम्ही त्या डागाच्या आजूबाजूने काम करतो.

कुंभकोणात आमचं देवळांच्या कापडांचं दुकान आहे. देवांची वस्त्रं, रथाच्या झालरी, छत्र्या, पडदे. आमचे पूर्वज मराठे राजांच्या मागोमाग इकडे आले. राजे गेले, आम्ही शिवत बसलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. (हे मी तुमच्या मराठीत लिहिते आहे. आमच्या मराठीत लिहिलं असतं तर तुम्हाला बखर हाती लागल्यासारखं वाटलं असतं.) आणि या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., कॉम्प्युटर सायन्स! हे मी सांगणारच. पदवीदानाच्या दिवशी सगळ्यांच्या वडिलांनी फोटो काढले. माझ्या वडिलांनी माझा काळा झगा उलटा करून शिलाई बघितली आणि "कच्ची आहे" म्हणाले.

तर गोष्ट अंतरपाटाची. आमची भजनमंडळी दर वर्षी रुक्मिणी-कल्याणम् करते, म्हणजे विठोबा-रुक्मिणीचं थाटामाटात लग्न. लग्न म्हटलं की अंतरपाट आला, आणि हा अंतरपाट आजोबांच्या काळापासून आमच्या घरचा. आजोबा हाताने भरायचे. अप्पांनी भरतकामाचं यंत्र आणलं, त्याला तो पूज्य कॉम्प्युटर जोडला, आणि दर वर्षी रेशमावर जरीचं कमळ भरून दिलं. यंदा अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ही बातमी भागवतर मामांपर्यंत पोचली. भागवतर मामा म्हणजे मंडळीचे मुख्य. आवाज असा, की हातात माइक दिला तर माइकला आपण कशाला आलो असं वाटावं.

ते दुकानाच्या पायरीवरूनच गरजले, "काय रे, तुजला दिसत नाही म्हणतात. यंदा अंतरपाट कोण करणार?"

"माझी लेक करते," अप्पा म्हणाले. "कॉम्प्युटर शिकलीय."

"शिकली तें बरें झालें. अंतरपाट होईल काय? नाही होत तर सांग, तिरुनागेश्वरम् कडे एक जण आहे, त्यास देतो. पुढेंही तोच करील."

पुढेंही! आजोबांपासूनची सेवा दुसऱ्याच्या दारात! अप्पांनी माझ्याकडे बघितलं. दिसत नव्हतं, तरी बघितलं.

आता कुठल्याही शहाण्या मुलीने काय केलं असतं? मशीन चालू, कमळ निवड, बटण दाब. दुपारी जेवून झोप. पण मी पदवीधर!

"अप्पा, किती वर्षं तेच कमळ? यंदा मोर घालू. समोरासमोर दोन मोर, पिसारे पसरलेले. डिझाईन मी इंटरनेटवरून काढलंय."

"कमळास काय झालें?"

"काही झालं नाही. फक्त मोर या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. नवीन घालावं लागेल."

"मग तें घालताना कमळास काही होईल काय?"

"छे!" मी म्हटलं. (हा 'छे' लक्षात ठेवा.)

कल्याणम् रविवारी सकाळी. शनिवारी सकाळी मी नवीन सॉफ्टवेअर घालायला बसले. त्याने पहिल्याच फटक्यात पाटी दाखवली: तुमची ऑपरेटिंग सिस्टिम फार जुनी आहे, तिला आता आमचा पाठिंबा नाही. मी ती अप्पांना वाचून दाखवली. चूक झाली. अप्पांना तो घरच्या माणसाचा अपमान वाटला.

"जुनी कोण म्हणतो? एक दिवस आजारी पडली नाही! पाठिंबा नाही म्हणजे काय? आम्ही आहों की!"

"अप्पा, थांबा. एक युक्ती आहे. सॉफ्टवेअरला असं भासवायचं, की ही सिस्टिम नवीनच आहे."

"म्हणजे खोटें बोलायचें?"

"वयाबद्दल. थोडंसं."

"तें चालतें," आई आतून म्हणाली. (तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न असंच जमलं होतं.)

युक्ती चालली! हिरवी पट्टी सरकायला लागली. मी मान ताठ करून अप्पांकडे पाहिलं, तर अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानाला नाक लावून उभे.

"यमू, आज शनिवार. नवाला राहुकाळ लागतो."

"लागू दे की."

"लागू दे? नवें काम राहुकाळांत? तें काय असेल तें नवाच्या आधीं संपव आणि मोराचा पहिला टाका घाल. नाहीतर साडेदहापर्यंत हात लावायचा नाही."

मी राहुकाळ मानत नाही. मी विज्ञानाची पदवीधर आहे. पण राहूचं अख्खं देऊळ जिथून बसने चटकन येतं, अशा गावात वाढलेल्या मुलीचं विज्ञान नवाला पाच कमी असताना जरा पातळ होतं. त्यात अप्पा कानाशी उभे राहून मिनिटं मोजत होते. पट्टी तर अशी सरकत होती, जणू रथोत्सवाचा रथ कोपऱ्यावर वळतोय!

मग प्रश्न सुरू झाले. अटी मान्य? मान्य! जुनी आवृत्ती काढून टाकू? टाक! फायली हलवू? हलव! परवान्याचा नंबर भरा. आता परवान्याचा नंबर माझ्या फोनवर, फोन आईकडे, आई बोलत होती तिरुविसनल्लूरच्या आत्याशी, आणि आत्या एकदा बोलायला लागली की राहुकाळच काय, ग्रहणसुद्धा सुटून जातं. खाली एक छोटं बटण होतं: 'नंतर'. दाबलं! "अप्पा, झालं!"

"टाका घाल, टाका!"

मोर उघडला. काय देखणा मोर! मधोमध थोडं फिकट, पुसट असं काहीतरी दिसत होतं. पण मधोमध तर आयुधपूजेचं चंदन असतंच. मी रेशीम ताणून बसवलं, बटण दाबलं, आणि नवाच्या ठोक्याआधी मोराच्या चोचीचा पहिला टाका पडला. अप्पांनी हात जोडले. मीही मनातल्या मनात (विज्ञानाला कळू न देता) जोडले.

पहिला मोर उतरला. दुसरा मोर उतरला. पिसाऱ्यातला डोळान् डोळा जरीत लखलखत होता. मी अप्पांना म्हटलं, "आता शेवटची बारीक नक्षी राहिली असेल, तुम्ही बसा, मी कॉफी घेऊन येते." आत जाऊन आईला सांगितलं, शेजारच्या मामींना खिडकीतून सांगितलं, आत्याला तर परत फोन लावून सांगितलं. डबरा-पेल्यातली (डबरा म्हणजे आमची खोलगट वाटी) कॉफी उंचावरून ओतून फेस आणला. विजयाची कॉफी! ती घेऊन बाहेर आले, तर यंत्र थांबलं होतं आणि अप्पा कौतुकाने रेशमावरून हात फिरवत होते.

दोन मोरांच्या बरोबर मध्ये, वीतभर उंच, झगझगीत सोनेरी जरीत, चार इंग्रजी अक्षरं. डी. ई. एम. ओ.

डेमो!

"ऐयो!" मी पेला खाली आदळला. "अप्पा! हे शिवताना तुम्ही बघत होतात? थांबवलं का नाही?"

"थांबवूं कशास?" अप्पा गोंधळून म्हणाले. त्यांना तमिळ वाचता येतं, मोडकी देवनागरी येते, इंग्रजी येत नाही. "इंग्रजी अक्षरें दिसली. म्हटलें तुझी डिग्री असेल. म्हटलें, असूं दे. आमच्या घरात पहिलीच आहे. विठोबासही कळूं दे."

मी भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ कॅलेंडर वाचलं.

मग पदरानेच स्क्रीनवरचं चंदन पुसलं. वर्षभराचं! खाली फिकट राखाडी अक्षरांत साहेब बसलेच होते. नंबर न भरता चालवलं तर हे सॉफ्टवेअर प्रत्येक नक्षीवर स्वतःची सही ठोकतं. नंबर आता भरला, तर पाटी आली: नंबर तपासता येत नाही. ठीक! मोर गेला चुलीत. दुसरं रेशीम घेऊ आणि आपलं जुनं कमळ...

जुनी आवृत्ती काढून टाकू? टाक!

नव्या आवृत्तीत कमळ उघडलं. पाकळ्यांवर डेमो. हंस उघडला. मानेत डेमो. कलश उघडला. नारळाखाली डेमो. अख्खं वैकुंठ नमुन्यादाखल निघालं!

शेवटी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. भाषा निवडा म्हणाले; मी मराठी निवडली, आपली म्हणून. पुण्यात बसलेल्या एका मुलाने उचलला. घाबरले की माझी घरची मराठी बाहेर पडते.

"अहो, आमचें यंत्र दोन मोरांमधें डेमो म्हणून शिवतें. तें कैसें काढावें? उदयीक रुक्मिणीचें लग्न आहे!"

"मॅडम... कुठून बोलताय?"

"कुंभकोणाहून."

"गाव कळलं. पण कुठल्या काळातून?" मग आवाज बाजूला गेला. "ए, इकडे या रे सगळे. मॅडम, जरा परत म्हणा ना, उदयीक!"

"मी बी.एस्सी. आहे!" मी ओरडले.

"सॉरी, सॉरी. खरंच छान वाटलं ऐकायला. पण मॅडम, फार जुनं व्हर्जन आहे हो तुमचं. त्याला सपोर्ट केव्हाच बंद झालाय." (सिस्टिमबद्दल बोलत होता. मी आधी भाषेबद्दल समजले आणि भांडायच्या तयारीत होते.) "जुन्या मशीनवरून नंबर आमच्याकडे पोचतच नाही. नवा कॉम्प्युटर घ्या."

"नव्या कॉम्प्युटरला आमचें यंत्र जोडतां येत नाही."

"मग... काही करता येणार नाही." आणि बिचाऱ्याने मनापासून विचारलं, "लग्न कुणाचं म्हणालात?"

दुपार टळली. जरीचे टाके उसवावे तर रेशीम फाटणार. अप्पा खुर्चीत बसून म्हणाले, "असूं दे गे. तिरुनागेश्वरम् च्या माणसास सांगू. त्याकडे तयार असेल एखादा." इतक्या सहज म्हणाले, की मला त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

"कुणाला सांगायचं नाही!" मी म्हटलं. "जुने अंतरपाट कुठे आहेत?"

कल्याणम् झालं की अंतरपाट घरी परत येतो; आई ते पेटीत ठेवते आणि लग्न ठरलेल्या मुलींना प्रसाद म्हणून देते. पेटी उघडली. यंदा मुलींची लग्नं फार झालेली! तीनच अंतरपाट उरले होते. तीन अंतरपाट, तीन कमळं. तीच, जी मला कंटाळवाणी वाटत होती. आईने देवाची क्षमा मागून ती कात्रीने सुटी केली, आणि मी दिवेलागणीपर्यंत ती हाताने त्या अक्षरांवर शिवत बसले. डी झाकला. ई झाकला. एम झाकला. माझे टाके कसे पडत होते, ते अप्पांना मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं. देव असतो तो असा. सुई मात्र दर थोड्या वेळाने बोटात जात होती, आणि अप्पा दर वेळी नुसत्या आवाजावरून "कच्चा पडला" म्हणत होते.

ओ उरला.

कमळं संपली. आई म्हणाली, "ह्यास काय करायचें गे?" मी म्हटलं, "ह्यास नमस्कार करायचा." आणि ठेवला तसाच.

रविवारी सकाळी मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट धरला गेला, आणि भागवतर मामांचा आवाज मध्येच थांबला. मंडपात तो आवाज थांबणं म्हणजे आगगाडी शेतात थांबण्यासारखं! मामा चष्मा वर करून पुढे आले. मोर पाहिले. कमळं पाहिली. मग त्या सोनेरी वर्तुळासमोर थांबले. अप्पांनी माझा हात घट्ट धरला. कुणी कुणाला धीर देत होतं, सांगता येणार नाही.

मामा मंडळीकडे वळले.

"पाहा! तीन कमळें. भूत, वर्तमान, भविष्य. आणि त्यांपुढें हा पूर्णचंद्र! आदि नाही, अंत नाही. सारें जातें, हें राहतें. इतका अर्थ अंतरपाटावर आजवर कोणी आणिला नव्हता. कोणाची कल्पना ही?"

मी तोंड उघडणार, तोच अप्पा ताठ उभे राहिले.

"कमळें आमचींच, जुनीं," ते सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाले. "तें गोल मात्र माझ्या लेकीनें कॉम्प्युटरवर केलें. कॉलेजात शिकलीय."

सगळ्या मंडळीने त्या गोलाला हात जोडले. शेजारच्या मामींनी तर डोळे टिपले. सेवा आमच्याच घरी राहिली आणि पुढच्या वर्षीही चंद्र हवाच, असा मामांचा हुकूम सुटला. त्यामुळे (डेमोशिवाय तो 'ओ' कुठून आणणार?) नवा कॉम्प्युटर घ्यायचा प्रश्नच मिटला; जुन्याच्या स्क्रीनवर अप्पांनी त्याच संध्याकाळी नवं चंदन लावलं.

मी मात्र हात जोडून त्या मंडपात बराच वेळ उभी होते. आमच्या घराण्यातलं पहिलंवहिलं उच्चशिक्षण देवापर्यंत पोचलं होतं. जे काही पोचलं, ते शून्यच होतं. पण जरीचं होतं!